नानीबाईचा उसना धोंडा

मला एक सांगा, भरवसा ठेवावा तर कुणावर? गोड बोलणाऱ्यावर? शिक्का मारलेल्या कागदावर? की ज्याला तोंडच नाही त्याच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. आधी माझी हकीकत ऐका, मग सावकाश ठरवा.

मी एक धोंडा बोलतोय. वजन सव्वादोन शेर होतं. आता निम्मं उरलंय, ते कसं हे पुढं येईलच. पोट काळं, गारगोटीसारखं टणक. पाठ राखाडी, चुनखडीची, त्यामानानं मऊ. बाजूनं बघाल तर अंगभर काळ्या-पांढऱ्या रेघा, एकीवर एक, भाकरीच्या चळतीसारख्या. आणि पाठीवर एक खाच आहे, बोटभर रुंद. ती खाच तेवढी ध्यानात ठेवा.

जन्म माझा उथळ समुद्रातला. किती वर्षं झाली म्हणाल, तर शेषराव नावाचे एक मास्तर आहेत, ते म्हणतात शंभर कोटींच्या वर. मी काही मोजली नाहीत. तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता, चावायला डास नव्हता. होते फक्त निळे-हिरवे मणी. डोळ्याला न दिसण्याइतके बारके, एकामागं एक ओवलेले. समुद्राच्या तळाशी त्यांची बुळबुळीत चटई पसरलेली असायची. वरून चुन्याचा गाळ बसला की हे गाळातून उन्हाकडं वर सरकायचे आणि नवी चटई अंथरायचे. पुन्हा गाळ, पुन्हा चटई. माझ्या अंगावरच्या रेघा म्हणजे त्याच अंथरुणांच्या घड्या.

ऊन खायचं आणि हवा सोडायची, एवढाच त्यांचा धंदा. हा धंदा त्यांच्याही आधीच्या, फार फार जुन्या पिढ्यांनी सुरू केलेला. म्हणतात की त्यांनी सोडलेल्या हवेचा पहिला घास समुद्रातल्या लोखंडानंच घेतला. त्याचा गंज होऊन तळाशी बसला. लोखंडाचं पोट भरलं, मग कुठं हवा वर आभाळाला मिळाली. तुमच्या नाकात या घडीला जो श्वास आहे ना, त्याची सुरुवात त्या मण्यांच्या घरची आहे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, ही त्यांची खानदानी.

माझ्या समुद्रात एकदा पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे गारगोटीचाच अंश, त्या चटईत मुरली. मणी कुजायच्या आत जागच्या जागी गोठले, मधात पडलेल्या मुंगीसारखे. मी म्हणजे त्यांची पेटी. पुढं समुद्र गेला, कडा उरला, आणि मी त्या कड्याच्या पायथ्याशी सुटून पडलो. पैनगंगेच्या पलीकडं, पूर्वेच्या अंगाला.

तिथून मला उचललं वसरामनं.

वसराम हा तांड्यातला माणूस, शेवटच्या बैलवाल्यांपैकी. आगगाडी आली, मोटारी आल्या, तांड्यांचा बैलांवरचा व्यापार संपत आला. तरी वसरामचे आठ-दहा बैल गोण्या लादून जायचेच. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडं गोणी असते. दोन्ही बाजू बराबर असाव्या लागतात, नाहीतर बैलाची पाठ सोलते. वाटेत एका बाजूचा माल विकला गेला की हलक्या बाजूला धोंडा बांधायचा. त्याला पासंग म्हणतात. त्या वेळी वसरामच्या बैलाची एक बाजू सव्वादोन शेरांनी हलकी होती, आणि तेवढाच मी होतो.

पण वसरामच्या तांड्याची एक रीत होती. वाटेत उचललेला धोंडा उसना मानायचा. पुढच्या फेरीला ज्या जागी उचलला त्या जागी ठेवायचा. “परक्या मुलखातलं फुकट काही घरी न्हाई न्यायचं,” असं वसराम सांगायचा, आणि त्याची नवी सून ऐकायची. त्या सुनेचं नाव नानीबाई. त्या फेरीत ती बैलांमागं चालत होती, नाकात नथ आणि पायात काटा, वय असेल चौदा-पंधरा.

पुढची फेरी झालीच नाही. त्या साली बैल विकले गेले. मी उसनाच राहिलो.

वसरामनं मला जवळा बाजारच्या गुलाबचंद शेठच्या दुकानात ठेवलं. तिथं मी वीसेक वर्षं काढली, आणि तुमची बोली ऐकून शिकलो ती तिथंच. माझं काम तेलाच्या काट्यावर. गिऱ्हाईकाचं भांडं एका पारड्यात, दुसऱ्यात मी आणि थोडी खडी, दांडी समान झाली की मग तेल ओतायचं. याला धडा करणं म्हणतात. मला कुणी मोजत नव्हतं, पण माझ्यामुळं मोज बराबर यायचं. शेठ मोठा हुशार. म्हणायचा, “काटा कधी खोटं बोलत नसतो. काट्याकडं बघणारे दोघं असतात, त्यातलाच एक खोटं बोलतो.”

एक बाई मला अजून आठवते. चतुराबाई. तिला पायरीच्या वर येऊ देत नसत, त्या काळी तशी पद्धत होती, आणि ती पद्धत चांगली नव्हती. कडेवर लेकरू घेऊन ती खालीच उभी राहायची. पण धडा झाला की तिथूनच कडाडायची, “शेठ, पारडं उलटं करा!”

“अगं बाई, रोजचं गिऱ्हाईक तू. भरवसा न्हाई का?”

“भरवसा हाय म्हणून तर येते. पण पारडं उलटं करा.”

मग शेठ भांडं या पारड्यात, मला त्या पारड्यात करायचा. काटा खोटा असेल तर पारडी बदलली की लगेच उघडा पडतो. दांडी समान राहिली की चतुराबाई मान हलवायची आणि शेठ हसायचा. “हिच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मला देवाची भीती बाळगायची गरज नाही,” म्हणायचा.

पुढं किलो आले. शिक्क्याची लोखंडी वजनं आली. शेठनं मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि तांड्यावर परत धाडलं. वसराम तोवर गेला होता. नानीबाईनं मला दाराशी ठेवलं.

बहात्तरच्या दुष्काळात औंढ्याजवळच्या त्या तांड्यानं विहीर खणायला घेतली. जमीन नानीबाईची. तिचा मुलगा प्रेमसिंग सरकारी कामावर खडी फोडायला लांब गेलेला. रिकामी टोपली खाली सरळ जावी म्हणून नानीबाईनं मला दोराच्या टोकाला बांधलं. काळा पाषाण फोडत फोडत चाळीस फूट खाली गेले, आणि एका दुपारी फटीतून पाणी उसळलं. काय ओरडा झाला! ज्याच्या हातात दोर होता त्यानं दोर सोडला आणि नाचायला लागला. मी सरळ तळाला. वर आनंद चाललेला, खाली मी गाळात. मला राग आला नाही हो. पाण्याच्या तळाशी गाळात पडणं हे तर माझं माहेरपण.

तीन वर्षांनी उन्हाळ्यात प्रेमसिंगनं विहिरीतला गाळ काढला. नानीबाई तेव्हा लेकीकडं पुसेगावला गेली होती. त्याच दिवशी विहिरीच्या कडेला शेषराव उभे होते.

शेषराव जवळा बाजारचे. घर बौद्धवाड्यात. औरंगाबादला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि मोठ्या पदवीसाठी विहिरी बघत हिंडायचे. विहिरीच्या भिंतीत लाव्ह्याचे थर दिसतात, ते मोजायचे. वाड्यात त्यांची थट्टा व्हायची, ‘पोरगं शिकलं खरं, पण दगड वाचायला!’ चार वर्षं झाली तरी प्रबंधात सांगण्याजोगं नवं काही नव्हतं. आणि प्रेमसिंगच्या टोपलीतून गाळाबरोबर मी वर आलो. दाराशी इतकी वर्षं पडलेलो, पण त्यानं मला कधी निरखलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही.

शेषरावांनी मला धुतलं. रेघा बघितल्या. प्रेमसिंगला विचारून मला पिशवीत घातलं. औरंगाबादला नेऊन त्यांनी माझे दोन भाग केले. एकाचा कागदापेक्षा पातळ काप काढून काचेवर चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शंभर कोटी वर्षांनी माझ्या मण्यांवर पुन्हा उजेड पडला.

आता शेषरावांचा हिशेब असा. या मुलखात खाली-वर सगळा काळा पाषाण. मग हा चुनखडीचा धोंडा चाळीस फुटांवर कसा? तर लाव्हा उसळून वर येताना खालच्या जुन्या खडकाचा तुकडा उचलून आणतो, तसा. म्हणजे आपल्या पायाखाली, लाव्ह्याच्या खाली, प्राचीन समुद्र आहे! हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचे मोठे सर खुर्चीतून उठले. हैदराबादची परिषद वीस दिवसांवर होती. सर म्हणाले, विहिरीच्या मालकाचा जबाब घेऊन या, मग तुम्हाला कुणी अडवणार नाही.

माझ्या खाचेबद्दल शेषरावांनी वहीत लिहिलं होतं, ‘पाण्याच्या धारेनं पडलेली असावी.’ माणसाला जे हवं असतं ते त्याला आधी दिसतं. पण मला ठाऊक आहे, एक गोष्ट त्यांना टोचत होती. उकळत्या लाव्ह्यातून आलो असतो तर मणी होरपळायला हवे होते. ते तर काल गोठल्यासारखे होते.

शहात्तरच्या हिवाळ्यात, सकाळच्या उन्हात, शेषराव तांड्यावर आले. खांद्याला सूक्ष्मदर्शकाची पेटी, पिशवीत मी, खिशात टाईप केलेला जबाब. प्रेमसिंगनं बाज टाकली. नानीबाई चहा घेऊन आली. पेटी उघडली, आरशानं ऊन आत घेतलं.

आधी प्रेमसिंगनं डोळा लावला. “सायेब, मला तर काळे केस दिसून राहिले.”

“त्या तुमच्याच पापण्या, प्रेमसिंगभाऊ. जरा मागं सरका.”

“माज्या पापण्या बघाया एवढी पेटी आणली व्हय!”

मग नानीबाई बसली. एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. आणि मग म्हणाली, “ही तर पोत हाय रे. मण्यांची पोत. लई नाजूक ओवलीय.”

“व्हय माय. जिवंत होते हे. आपल्याला श्वासाला हवा केली ती ह्यांनी आन् ह्यांच्या आधीच्यांनी.”

“मग ह्यो एक मणी लांबुळका काहून? जाड सालीचा?”

शेषराव खूश झाले. “बराबर धरलं तुम्ही. आधी समदे मणी सारखे होते, समदे एकच काम करायचे. मग कवातरी एखाद्यानं वेगळं काम घेतलं. मला वाटतं, वाईट दिवसांसाठी पोटात शिदोरी घेऊन ह्यो झोपून राहायचा. दिवस बरे आले की ह्याच्यातून नवी माळ.”

“मंजी बियाणं,” नानीबाई म्हणाली. “दुष्काळात बी बियाणं खाल्लं न्हाई त्यांनी. शाणी माणसं.”

एवढ्या वेळात कुणी माझ्या वंशाला माणसं म्हटलं नव्हतं. 

मग शेषरावांनी जबाब वाचला. ‘सदर दगड माझ्या विहिरीच्या खडकातून चाळीस फुटांवर निघाला, हे खरे आहे.’ विहीर नानीबाईच्या नावावर, म्हणून अंगठा तिचा हवा. शाईची डबी पुढं केली.

“अंगठा मी वस्तू पाहून देते. कुठाय धोंडा?”

शेषरावांनी मला बाजेवर ठेवलं, दोन्ही भाग. नानीबाईनं चहाची बशी खाली ठेवली. माझ्या खाचेवरून बोट फिरवलं, आणि कडाडली.

“काहून कापलंस रे माज्या बैलाचा धोंडा?”

कुणाला काही समजेना. ती आत गेली आणि जुनी गोणी घेऊन आली, कवड्या लावलेली, विरलेली. गोणीला चामड्याची वादी लोंबत होती. तिनं माझे भाग जुळवले आणि वादी खाचेत बसवली. हाताच्या रेषेत काजळ बसावं तशी बसली.

“सासऱ्यानं उचलला ह्यो. पैनगंगेच्या पल्याड. वादी घसरू नये म्हून खाच बी त्यानंच पाडली. वीस वर्सं गुलाबचंदाच्या दुकानी तेलाच्या काट्यावर होता. हिरीत म्या बांधला दोराला, पाणी लागलं त्या दिशी पडला. हिरीचा न्हाई ह्यो, बाळा.”

प्रेमसिंगचा चेहरा उतरला. धोंडा विहिरीचा निघाला तर मोठे सायेब बघायला येतील, मग तांड्याला रस्ता होईल, असं त्याच्या मनात होतं. “याडी, गप बस की,” तो आईला म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. “चाळीस वर्सांमागचं कोण विचारतंय? रस्ता होऊन राहिला तर तू आडवी!”

“असल्या रस्त्यावर बैल बी पाय टाकणार न्हाई.”

“सायेब, म्हातारीचं काय धरता? इकडं आणा, म्या सही करतो. मालक मीच की.”

पेन शेषरावांच्या हातात होतं. मी त्यांच्याकडं बघत होतो. चार वर्षं, मोठी पदवी, परिषद, वाड्यातली थट्टा, सगळं त्या एका सहीवर टांगलेलं. एक सही, आणि नानीबाईची गोष्ट तांड्याबाहेर कधीच गेली नसती. मला बोलता आलं असतं तर बोललो असतो. मी तोंड नसलेला साक्षीदार.

“माय,” शेषरावांनी हळूच विचारलं, “गुलाबचंदाचं दुकान म्हणजे बाजारातलं? तेलाचं?”

“त्येच. काहून?”

“माझी आई तिथंच तेल घ्यायची. मला कडेवर घेऊन. अजून सांगते, शेठला पारडं उलटं करायला लावायची म्हणून.”

तेव्हा मला ओळख पटली. चतुराबाईच्या कडेवरचं लेकरू!

शेषरावांनी माझे दोन्ही भाग हातात घेतले. ओठ हलत होते. पारडं उलटं करत होते ते. म्हातारीचं खरं धरलं तर? मणी होरपळले नाहीत, कारण लाव्हा कधी लागलाच नाही. खाच वादीची, पाण्याची नव्हे. चुनखडी इथली नाही, कारण मी इथला नाही. एकेक गोष्ट उचलून त्यांनी दुसऱ्या पारड्यात टाकली, आणि दांडी समान झाली. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं कधी समान झालं नव्हतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “राहू द्या प्रेमसिंगभाऊ. सही नको.”  जबाबाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि उठायला लागले.

“बस खाली,” नानीबाई म्हणाली. “निघाला कुठं? हिरीत न्हाई म्हनलं मी. कुठंच न्हाई असं म्हनलं का? जागा ठावं हाय मला.”

शेषराव बसले आणि वही उघडली.

“पैनगंगा ओलांडली की तिसरा मुक्काम. वढ्याच्या काठाला रेघांचा कडा. बैल तिथलं पाणी तोंडात घेऊन सोडून द्यायचे. आन् सासरा सांगायचा, त्या झऱ्यात काडी टाकली की महिन्या-दोन महिन्यात पांढरी व्हायची, चुना चढल्यावानी.”

“चुना चढल्यावानी!” शेषराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की कोंबड्या उधळल्या.

दोन दिवसांनी तिघं निघाले. औंढ्याहून एसटी, हिंगोलीला बदल, पुढं आणखी दोन मोटारी, मग पायी. पहिला कडा चुकला. प्रेमसिंग कुरकुरला, “याडी, बैलाला इचारायचं व्हतं.” ती म्हणाली, “तेच तर करून राहिले, तुला घेऊन.” दुसऱ्या दिवशी दुपारी ओढा सापडला. नानीबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली. “ह्येच!” झऱ्यात पडलेल्या काड्या पांढऱ्याफटक. वर बघितलं तर कडा, पुरुषभर उंच, माझ्याच रेघा, वितींनी आणि हातांनी मोजाव्या अशा. माझं सगळं गोत तिथं उभं होतं.

शेषराव कड्याला हात लावून उभे राहिले. मग हातोडी काढली, आणि प्रत्येक तुकडा काढताना कुठून, किती उंचीवरून, कोणत्या तारखेला, सगळं वहीत मांडलं. प्रेमसिंग टेप धरत होता.

निघताना नानीबाईनं पदरातून माझा अर्धा भाग काढला. कड्याच्या पायथ्याशी ठेवला आणि कड्याला म्हणाली, “घे बाई. लई उशीर झाला. वापरला, पण खोट्याला न्हाई वापरला.” दुसऱ्या भागाकडं बघून ती शेषरावांना म्हणाली, “ह्यो तुज्याकडं ठेव. पण उसना.”

हैदराबादला शेषरावांनी आधी आपली चूक वाचली. लोक हसले. विहिरीतला पासंग, बैल, म्हातारी, हसण्यासारखंच होतं. मग त्यांनी कड्यावरच्या तुकड्यांचे फोटो पडद्यावर टाकले. माळाच माळा, आणि त्यात जाड सालीचे बियाण्याचे मणी, एक नव्हे, डझनांनी. खुर्च्या पुढं सरकल्या. मोठे सर आधी रुसले होते, ते शेवटी टाळ्या वाजवत होते. प्रबंधाचं नाव बदललं, काम दोन वर्षांनी वाढलं, पण आता सांगण्याजोगं होतं.

तांड्याला रस्ता अजून झालेला नाही. मात्र दर हिवाळ्यात शेषराव पोरा-पोरींना घेऊन येतात. आधी नानीबाईच्या बाजेवर बसून तिचा मुक्कामांचा रस्ता लिहून घेतात, मग कड्याकडं निघतात. सोबत टेप धरायला प्रेमसिंग असतोच, आणि तो पोरांना बजावतो, “मोज बराबर घ्या रे, उगं अंदाजे न्हाई चालत आमच्यात.”

आज मी औरंगाबादच्या कॉलेजात काचेच्या कपाटात असतो. माझ्याखाली चिठ्ठी आहे. ‘मिळाला : विहिरीच्या गाळात. मूळ जागा : पैनगंगेपलीकडचा कडा. आणणारा : वसरामचा बैल. सांगणारी : नानीबाई.’ आणि शेजारी शाईचा अंगठा. वस्तू पाहून दिलेला.

आता माझा निरोप. विनंती एकच आहे, आणि ती एका जुन्या काट्यावरच्या धोंड्याची आहे, म्हणून मनावर घ्या. तुमच्याकडं जे काही आहे, ते कुणाकडून आलं, कुठून उचललं, ते खरं खरं मांडून ठेवा. दगड असो, गोष्ट असो, नाहीतर छातीतला श्वास असो. चूक झाली तर खोडू नका, खाली दुसरी ओळ लिहा. आणि मांडून झालं की वही मिटायच्या आधी एकदा पारडं उलटं करून बघा.

दांडी समान राहिली, तर अंगठा द्या.